पोलादाची तार, माणसाचा गळा

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात एक करार झाला. दुर्गजवळ भिलाईला दहा लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना उभारायचा, असं त्यात ठरलं. हा मुलूख तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्याच वर्षी 7 डिसेंबरला भिलाईत बुधादित्य मुखर्जी यांचा जन्म झाला. कारखान्यातून पुढे देशभरच्या रेल्वेसाठी रूळ निघाले. मुखर्जींच्या घरातल्या या मुलाने सतार हाती घेतली, धातुशास्त्रातली इंजिनिअरिंगची पदवी घेतली, आणि तो आपल्या पिढीतल्या आघाडीच्या सतारियांमध्ये जाऊन बसला.

ब्लूज-रॉक गिटारवादकांवरच्या पुस्तकात सतारियाचं प्रकरण कशाला, असं वाचकाला वाटेल. कारण असं, की ब्लूजचा गिटारवादक आणि इमदादखानी घराण्याचा सतारिया तारेकडे एकच गोष्ट मागतात. तारेने गळ्यासारखं बोललं पाहिजे. पडद्यावर बोट ठेवून नुसता स्वर वाजवणं त्यांना पुरत नाही. ते तार आडवी ओढतात आणि एका स्वरातून दुसऱ्या स्वरात चालत जातात. शिवाय दोघांच्याही कहाणीत कारखान्याचं गाव येतं. भिलाईत ही दोन्ही सूत्रं एकाच घरात सापडतात.

प्लांटचं गाव

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून येऊ लागलं. भट्ट्यांच्या बाजूला आखीव गाव वसलं. त्याला पेठा आणि आळ्या नव्हत्या, आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर होते. एकसारखी क्वार्टर्स, सरळ रस्ते, शाळा, दवाखाना, मैदानं. तीन पाळ्यांत चालणारा प्लांट सगळ्या गावाचं घड्याळ ठरला.

या क्वार्टरांत राहायला आलेली माणसं देशाच्या कानाकोपऱ्यातली होती. बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, ओडिया. मुंबई-हावडा मार्गावर नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं घेत गाडी भिलाईला पोचते, तेव्हा विदर्भातली मराठी माणसंही त्यांत होतीच. प्रत्येकाने आपापले सण आणि आपापली गाणी बरोबर आणली. एका भिंतीपलीकडे तेलुगू भजन, दुसरीपलीकडे रवींद्रसंगीत, असं कानावर पडत मुलं वाढली. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार, डोक्यावर छप्पर आणि पाळी संपल्यावर हाती उरलेला वेळ, एवढं मिळालं की गाण्याच्या माणसाला रियाज करता येतो. दरबार आणि जमीनदारांचा आश्रय संपत चालला होता. त्या काळात सरकारी कारखान्याच्या नोकरीने काही घरांत तीच जागा भरून काढली.

वडिलांची तालीम

बुधादित्यांचे वडील बिमलेंदु मुखर्जी यांचा जन्म 1925 चा. भिलाईच्या कारखान्यात ते वरिष्ठ अधिकारी होते. सतारीत ते उस्ताद इनायत खाँ यांचे शिष्य. इनायत खाँ 1938 मध्ये वारले, म्हणजे ही तालीम बिमलेंदूंच्या कोवळ्या वयातली. पुढे त्यांनी इतर वाद्यांचा आणि गाण्याचाही अभ्यास केला. आयुष्याच्या उत्तरार्धात ते खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. राजनांदगावच्या उत्तरेला असलेलं हे विद्यापीठ 1956 साली तिथल्या राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात सुरू झालं. मराठी वाचकाला ते परकं वाटू नये. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत कुलगुरुपद सांभाळलं होतं.

1961 मध्ये बिमलेंदूंनी मुलाच्या हाती एक छोटीशी सतार दिली आणि शिकवायला सुरुवात केली. पुढची कित्येक वर्षं ही तालीम चालली. घराणं इमदादखानी. इमदाद खाँ, त्यांचे चिरंजीव इनायत खाँ, आणि इनायत खाँचे चिरंजीव विलायत खाँ अशी ही परंपरा. वडील गेले तेव्हा विलायत खाँ लहान होते. त्यांच्या आईचं माहेर गवयांचं, आणि मुलाचा ओढा गाण्याकडे होता. पण घराण्याची सतार बंद पडू नये म्हणून आईने त्यांना सतारीकडे वळवलं. मग त्यांनी गाणंच सतारीत आणलं. तारांची मांडणी बदलली, मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात जाणं, लांबवली, एका आघातात ख्यालाची अख्खी जागा घेता येईल असं वाद्य करून घेतलं. या वादनाला गायकी अंग म्हणतात. भिलाईच्या क्वार्टरमध्ये पोचलेली सतार ही होती.

मिसिसिपी ते शिकागो

बिमलेंदु जन्मले त्याच वर्षी, 1925 मध्ये, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कापसाच्या मुलखात एका शेतमजुराच्या घरी बी. बी. किंग जन्मला. त्याचा नातेवाईक बुका व्हाइट हा नावाजलेला ब्लूजवादक. तो तारेवर धातूची नळी घासत वाजवी, आणि त्या सरकत्या स्वराने ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. किंगला नळीने वाजवणं काही जमेना. म्हणून त्याने नुसत्या बोटाने तार हलवून तो कंप काढायचा प्रयत्न केला. त्यातून जो थरथरता, लांबवलेला स्वर निघाला, त्याने पुढच्या अर्धशतकाचं गिटारवादन बदलून टाकलं. किंग गाताना सहसा गिटार वाजवत नसे. एक ओळ गळ्याने गायची आणि तिला उत्तर तारेने द्यायचं, अशी त्याची रीत होती. आपल्याकडे गवयाच्या मागून सारंगी जशी जाते, तसंच हे नातं, फक्त गवई आणि साथीदार एकच.

त्याच मिसिसिपीतला मडी वॉटर्स 1943 मध्ये शेतमळा सोडून शिकागोला आला. शिकागो आणि शेजारचं गॅरी ही पोलादाची आणि कारखान्यांची गावं. दक्षिणेकडच्या शेतांतून लाखो कृष्णवर्णीय माणसं तिथे कामाला येत होती. संध्याकाळी गुत्त्यात इतका गलका, की साध्या गिटारचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही पोचू नये. वॉटर्सने इलेक्ट्रिक गिटार घेतली. शेतातलं गाणं शहरात आलं आणि विजेवर चालू लागलं. गॅरीच्या परिसरात पोलाद कारखान्यात क्रेन चालवणारा जो जॅक्सन फावल्या वेळात फाल्कन्स नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवी. त्याच्या घरातली मुलं पुढे जॅक्सन फाइव्ह म्हणून जगभर गाजली आणि त्यांतला मायकल कोण, हे सांगायला नको.

आपल्या गिरणगावाची गोष्ट याहून वेगळी नाही. कोकण, घाट आणि दक्षिण महाराष्ट्रातून लालबाग-परळच्या चाळींत आलेल्या कामगारांमधून शाहिरी उभी राहिली. गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. त्यांच्या साथीला डफ होता आणि एकाच पोलादी तारेचं तुणतुणं. शेतातून उठून यंत्राशी आलेली माणसं आपली गाणी टाकून देत नाहीत, नव्या जागेला पुरेल इतकी मोठी करतात.

ओढलेल्या तारेत काय घडतं

आता तारेकडे अगदी जवळून पाहू. सतारीची मुख्य तार, म्हणजे बाजाची तार, सुमारे 0.3 मिलिमीटर जाडीची. गिटारच्या हलक्या संचातली सगळ्यात बारीक तार 0.25 मिलिमीटरची. दोन्ही उच्च कार्बन पोलादाच्या. उजव्या तर्जनीतल्या मिजराबीने तार छेडली, की डाव्या हाताचं बोट ती पडद्यावर दाबून खालच्या बाजूला ओढतं. सतारीचे पडदे कमानदार आणि उंच असतात. बाजाच्या तारेखाली पडद्याची बरीच रुंदी मोकळी ठेवलेली असते. ती जागा आहे मींडेसाठी. बोटाच्या टोकावर तार रुतून रुतून कायमची खाच पडते. सतारियाचा हात हातात घेतला तर ती खाच लगेच नजरेला येते.

तार ओढली की तिचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. पण स्वर ताणाच्या प्रमाणात चढत नाही, ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. हिशेब असा: सा वरून शुद्ध रे पर्यंत जायचं तर ताण सुमारे 26 टक्क्यांनी वाढवावा लागतो. सा वरून प पर्यंत जायचं, तर कंपनसंख्या दीडपट व्हायला हवी, म्हणजे ताण सव्वादोन पट. एका पडद्यावरून पाच स्वरांची मींड घेणारा सतारिया एका बोटाने तारेचा ताण दुपटीहून अधिक करत असतो. तेवढ्यात मधल्या प्रत्येक श्रुतीवर नेमकं थांबायचं, नेमक्या वेगाने परतायचं, आणि मिजराबीच्या एका आघाताचा नाद विझायच्या आत हे सगळं उरकायचं. गिटारची मान अरुंद आणि पडदे बुटके, त्यामुळे तिथली ओढ बहुधा एक-दीड स्वराची. डावखुरा आल्बर्ट किंग उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवत असे. त्यामुळे बारीक तारा त्याच्या बाजूला वर येत आणि तो त्या सतारियासारख्या खाली ओढी. त्याच्या लांब ओढींची नक्कल करण्यात ब्लूज-रॉकच्या एका पिढीने बोटं झिजवली.

एवढा ताण तार सोसते कशी? इथे भिलाईचं धातुशास्त्र कामाला येतं. भिलाईच्या कारखान्यात वाद्यांच्या तारा काढत नाहीत, पण तिथले रूळ ज्या जातीच्या पोलादाचे असतात, ती वाद्यांच्या तारेच्या नात्यातली. रुळाच्या पोलादात कार्बन साधारण 0.6 ते 0.8 टक्के, वाद्याच्या तारेत 0.7 ते 1 टक्का. दोन्हींची अंतर्रचना पर्लाइट नावाची. मऊ लोह आणि कठीण लोह-कार्बाइड यांचे अतिसूक्ष्म थर एकाआड एक रचलेले. कठीण थर झीज आणि ताण सोसतो, मऊ थर तडा जाऊ देत नाही. रूळ लालभडक असताना लाटतात. तार मात्र थंड असताना एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून खेचतात. प्रत्येक खेपेला थर अधिक पातळ आणि अधिक दाट होतात आणि तार अधिक बळकट होते. भिलाईचे रूळ जोडून 260 मीटर लांबीचे करतात आणि त्यांच्यावरून हजारो टनांच्या मालगाड्या धावतात. त्याच कुळातलं पोलाद केसाच्या काही पट जाडीइतकं बारीक होऊन दरबारी कानड्याचा गंधार तोलून धरतं.

मराठी मुलखात या विद्येचं दुसरं टोक आहे. मिरजेत सतारमेकर घराणी पिढ्यान्पिढ्या तंबोरे आणि सतारी करतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे आणून वाळवतात, दांडी जोडतात, पडदे बांधतात, जवारी लावतात. तार ओढली जाताना वाद्यावर जो भार येतो, तो तोलणारी दांडी करणं हे या कारागिराचं इंजिनिअरिंग. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते या हातांच्या ज्ञानाला.

बोट गेलं, तार राहिली

पोलादाच्या गावाने वादकाकडून घेतलेलं मोलही सांगितलं पाहिजे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटारवादक जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकून त्याला धीर आला. आगीत हात भाजल्यावरही जँगो दोन बोटांवर गिटारचे सूर धरत होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि तारा हलक्या घेतल्या. पुढे त्याने गिटारचा सूरच खाली उतरवला, म्हणजे ताण कमी, बोटाला त्रास कमी. 1968 मध्ये ब्लूज वाजवायला निघालेला त्याचा बँड लवकरच ब्लॅक सॅबथ झाला. त्या उतरलेल्या सुरांच्या जड, गडद नादातून हेवी मेटल जन्माला आलं. ताणाचा जो नियम सतारियाला पाच स्वर चढवून देतो, त्याच नियमाने एका जखमी कामगाराला वाजवत ठेवलं.

भिलाईचा सतारिया

1970 मध्ये, पंधराही पुरी न झालेल्या वयात, बुधादित्यांनी राष्ट्रीय पातळीवरच्या दोन स्पर्धा जिंकल्या. वीणावादक एस. बालचंदर यांच्यासारख्या दिग्गजाने त्यांची मुक्तकंठाने तारीफ केली. सतार चालू असतानाच त्यांनी धातुशास्त्रातली इंजिनिअरिंगची पदवी पहिल्या वर्गात मिळवली. पोलादाच्या गावात वाढलेल्या हुशार मुलापुढे प्लांटमधली नोकरी हा सरळ रस्ता होता. त्यांनी सतार निवडली.

त्यांच्या वादनात दोन गोष्टी एकत्र नांदतात आणि असं क्वचितच घडतं. एक, आलापातली मींड. एका आघातावर स्वर उचलायचा, वरच्या स्वराला नुसता स्पर्श करायचा, उतरताना वाटेत कणस्वर पेरायचे, आणि हे सगळं गवयाच्या एका श्वासाइतक्या अवधीत बसवायचं. दुसरी, अतिद्रुत लयीतली तान. झाल्याकडे जाताना त्यांचा उजवा हात इतक्या वेगाने चालतो, की एरवी अशा ठिकाणी बोल एकमेकांत मिसळून नुसता गजर उरतो. बुधादित्यांच्या तानेत मात्र प्रत्येक स्वर सुटा, घासून-पुसून ठेवल्यासारखा ऐकू येतो. वेगासाठी सुराची किंमत मोजायची नाही, ही शिस्त वडिलांच्या तालमीतली.

1990 मध्ये लंडनला ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यांचं वादन झालं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात त्यांनी शिकवलं. सतारीचं थोरलं भावंड म्हणावं असं सूरबहारही ते वाजवतात. जाड तारांच्या, खर्जातल्या या वाद्यावर मींड आणखी लांब पल्ल्याची असते. 2019 मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं.

त्याच वर्षीच्या पद्म पुरस्कारांत पद्मविभूषण मिळवणाऱ्या तीजनबाई याही भिलाईच्याच मातीतल्या. भिलाईजवळच्या गनियारी गावी पारधी समाजात त्यांचा जन्म झाला. बाईने पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा, गायचीच तर बसून, अशी तेव्हाची रीत होती. तीजनबाई पुरुषांच्या कापालिक शैलीत उभ्या राहून गायल्या. समाजाने वाळीत टाकलं तरी मागे हटल्या नाहीत. पुढे भिलाईच्या कारखान्याने त्यांना नोकरी दिली. त्यांच्या हातातला तंबुरा कथेच्या ओघात भीमाची गदा होतो, अर्जुनाचं धनुष्य होतो. नाकारलेल्या माणसाने तारेचं वाद्य हातात घेऊन भर सभेत उभं राहायचं, हे मिसिसिपीतल्या कुठल्याही ब्लूज गायकाला समजावून सांगावं लागलं नसतं.

दोन वाटा भेटतात

सप्टेंबर 1992 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चर्चमध्ये ब्लूजच्या वाटेने आलेला अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि गिटारपासून घडवलेली मोहनवीणा वाजवणारे विश्वमोहन भट्ट समोरासमोर बसले. फारशी पूर्वतयारी नव्हती. त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या नावाने निघालं आणि 1994 मध्ये त्याला ग्रॅमी मिळाला. एकाच्या नळीखालून मिसिसिपी सरकत होती आणि दुसऱ्याच्या दांड्याखालून राग, तरीही दोघांना दुभाषी लागला नाही. 2011 मध्ये मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला. पहिल्याच वर्षी शिकागोचा बडी गाय तिथे वाजवून गेला. मींडेवर वाढलेल्या कानांना त्याच्या ओढलेल्या तारा परक्या वाटायचं कारण नव्हतं.

भिलाईचा हिशेब मांडताना आपण टन मोजतो, रुळांची लांबी मोजतो, आणि ते मोजायलाच हवं. पण त्या गावाने देशाला एक सतारिया आणि एक पंडवानी गायिका सांभाळून दिली. हे उत्पादन कुठल्याच अहवालात येत नाही. ते आपोआप झालेलं नाही. अधिकारी वडिलांनी पाळी आणि फायली सांभाळून लेकराला रोज शिकवलं. कारखान्याने एका लोकगायिकेला पगाराचा आधार दिला. कलेला लागणाऱ्या गोष्टी फार मोठ्या नसतात. निश्चिंत संध्याकाळ, शिकवणारं माणूस, आणि हातात वाद्य घेतलेल्या पोराला 'याचा उपयोग काय' असं न विचारणारं घर. आज भिलाईच्या, पिंपरी-चिंचवडच्या, चंद्रपूरच्या वसाहतींत गिटार शिकणारी पोरं आहेत. त्यांना आयोमीचं नाव ठाऊक असतं, आणि ते असावंच. पण तार ओढून स्वराला बोलतं कसं करायचं, याचा एक थोर धडा भिलाईच्याच एका घरात तयार झाला आहे आणि त्याची ध्वनिमुद्रणं आज कुणालाही ऐकता येतात. ब्लूज शिकणाऱ्या प्रत्येक पोराने बी. बी. किंगच्या बरोबरीने बुधादित्य मुखर्जींचा आलाप कान देऊन ऐकावा. दहा मिनिटांत बोटांना कळेल की अजून किती ओढता येतं.